दहावा माणूस

सांगलीत, नाशकात, सोलापुरात किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं सीएचं ऑफिस असतं. असं एक नमुन्याचं ऑफिस या प्रकरणापुरतं डोळ्यांसमोर धरू. बाहेरच्या खोलीत फायलींची कपाटं, संगणकावर उघडलेलं टॅली, बावीस वर्षं हिशेब सांभाळणारे काका आणि दोन आर्टिकल. आतल्या केबिनमध्ये सर. एकूण चार माणसं. कोण कुठल्या ऑडिटला गेलंय, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुठला क्लायंट बिलं शेवटच्या दिवशी पाठवतो, हे चौघांनाही न सांगता ठाऊक असतं. रजेचा अर्ज कुणी लिहीत नाही. "सर, उद्या जरा गावाला जाऊन येऊ का?" एवढं पुरतं.

मग काम वाढतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि महिन्याच्या ११ आणि २० या तारखा ऑफिसच्या भिंतीवर कायमच्या येऊन बसल्या. विवरणपत्रं आधीही होतीच, पण उन्हाळा सरला की धावपळ आणि दिवाळीनंतर उसंत, हा जुना ऋतुक्रम बऱ्याच लहान फर्मांमध्ये मोडला. बारमाही कामाला बारमाही माणसं लागतात. दोन मुली जीएसटीसाठी घेतल्या, एक टीडीएससाठी, नुकताच सीए झालेला एक तरुण मॅनेजर म्हणून आला, आर्टिकल दोनाचे सहा झाले. तीन-चार वर्षांत ऑफिस बारा जणांचं होतं. जागा बदलते, नवा बोर्ड लागतो, पूजा होते. चालवण्याची रीत मात्र चौघांच्या वेळचीच राहते. वाढत्या फर्ममधली बहुतेक दुखणी इथून सुरू होतात. माणसं वाईट नसतात, सरही मनाने चांगले असतात, आणि तरीही दर दोन महिन्यांनी कुणीतरी राजीनामा देतं.

हिशेबाच्या लोकांना हिशेबच दाखवावा. चार माणसांत दोघादोघांच्या जोड्या सहा होतात. बारा माणसांत सहासष्ट. माणसं तिप्पट झाली, नाती अकरा पट. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या एका अवाढव्य सॉफ्टवेअर प्रकल्पाचं नेतृत्व केलं आणि त्या अनुभवावर १९७५ मध्ये पुस्तक लिहिलं. रखडलेल्या कामावर नवी माणसं लावली की ते आणखी रखडतं, हे त्यांचं निरीक्षण पुढे नियम म्हणूनच ओळखलं गेलं. कारण साधं आहे. नव्या माणसाला शिकवायला जुन्याच माणसाला हातातलं काम टाकावं लागतं, आणि निरोपांच्या वाटा वाढतात. टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर असताना ऑगस्टच्या अखेरीस दोन नवे चेहरे घेणाऱ्या प्रत्येक फर्मला हा अनुभव येतो. भरती करायची ती जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे एप्रिल-मेपर्यंत हात बसतो.

सहासष्ट नाती एकट्या सरांनी सांभाळायची नसतात. पण चौघांच्या ऑफिसात सगळ्या वाटा सरांच्या टेबलावरूनच जात असल्यामुळे बाराजणांच्या ऑफिसातही त्या तिथूनच जातात. संध्याकाळी सात वाजता केबिनबाहेर उभी असलेली रांग पाहा. एकाला सही हवी आहे, एकीला घसाऱ्याचा दर विचारायचाय, एकाला क्लायंटने दम दिलाय, एकाला उद्या अर्धी रजा हवी आहे. आत सर फोनवर आहेत. या रांगेत सरांवाचून ज्याचं अडतं असा बहुधा एकच असतो: सहीवाला. सही दुसऱ्याला देता येत नाही, ती सनदी सभासदाची जबाबदारी आहे, आणि प्रमाणपत्रावर किंवा ऑडिट अहवालावर आता अठरा अंकी यूडीआयएन क्रमांकही घालावा लागतो. पण सहीच्या आधीचं तपासणं तीन पायऱ्यांत वाटता येतं. आर्टिकलने तयार करायचं, अनुभवी सहायकाने ताळा पाहायचा, मॅनेजरने शंका काढायच्या. सरांकडे फाइल जाईल तेव्हा तिच्यात फक्त निर्णयाचे दोन-तीन मुद्दे उरलेले असावेत.

डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने व्यावसायिक फर्मांच्या कामाचे तीन प्रकार सांगितले होते: ज्याला नवी बुद्धी लागते ते, ज्याला पिकलेला अनुभव लागतो ते, आणि ज्याला ठरलेली रीत लागते ते. दर महिन्याचं जीएसटी विवरणपत्र हे तिसऱ्या प्रकारचं काम. प्राप्तिकर खात्याच्या गुंतागुंतीच्या नोटिशीला उत्तर देणं दुसऱ्या प्रकारचं. लहान फर्ममध्ये सर तिसऱ्या प्रकारचं काम रात्री बसून करतात आणि दुसऱ्या प्रकारचं नवख्याकडे 'ड्राफ्ट करून ठेव' म्हणून देतात. मग दोन्ही बिघडतात.

आता चूक कशी दुरुस्त होते ते जवळून पाहू. एका क्लायंटने १४ नोव्हेंबरला आठ लाखांचं यंत्र घेतलं आणि त्याच दिवशी ते चालू केलं. आर्टिकलने १५ टक्क्यांनी १,२०,००० रुपये घसारा लावला. मार्चअखेरपर्यंत ते यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं, म्हणजे दर निम्मा, घसारा ६०,०००. रात्री अकराला सरांच्या नजरेला ते पडतं. मुलगी घरी गेली आहे, मुदत परवावर आहे. सर स्वतःच आकडा बदलतात आणि फाइल पुढे सरकते. त्या मुलीला हे कधीच कळत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या फाइलमध्ये तीच चूक होते आणि तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणतात, "अजून एवढंही येत नाही?" तिच्या दृष्टीने ही पहिलीच वेळ. सरांच्या दृष्टीने दुसरी. त्या एका वाक्याने दोन वर्षांची मेहनत पुसली जाते, आणि ती मुलगी पुढच्या महिन्यात ट्रान्सफर मागते.

याला उपाय आहे आणि तो फुकटचा आहे. फाइलच्या पहिल्या पानावर रिव्ह्यूचा कागद लावायचा. तपासणाऱ्याने चूक दुरुस्त करायची नाही, लिहायची: 'यंत्राची तारीख पाहा, दर तपासा.' करणाऱ्याने स्वतः सुधारून समोर सही करायची. अगदीच वेळ नसेल तर दुरुस्ती तपासणाऱ्याने करावी, पण नोंद ठेवावी आणि ऑक्टोबरमध्ये त्या नोंदी घेऊन बसावं. सहा महिन्यांचे असे कागद चाळले तर कोण कुठे अडतं ते दिसतं, आणि तीच चूक चौघांच्या कागदांवर असेल तर शिकवण्यातच उणीव आहे हेही दिसतं. लेखी टिपेचा आणखी एक गुण आहे. तिला आवाज नसतो. मुदतीच्या आठवड्यात थकलेल्या माणसाचा आवाज चढतोच. कागदावर तीच गोष्ट नीट पोचते.

आर्टिकलांबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. तो नोकर नाही, शिकाऊ विद्यार्थी आहे. स्टायपेंड पगारापेक्षा पुष्कळ कमी असतो, आणि आर्टिकल टिकतो ते शिकायला मिळतं म्हणून. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिपचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. लहान फर्मांचं गणित यामुळे पार बदललं आहे, आणि अनेकांनी ते अजून मांडून पाहिलेलं नाही. पूर्वी पहिलं वर्ष शिकण्यात गेलं तरी दोन वर्षं हाती येत. आता हात बसेपर्यंत अर्धा काळ संपतो. ज्या फर्मचा सगळा डोलारा आर्टिकलांवर उभा आहे तिला दरवर्षी निम्मं ऑफिस नव्याने शिकवावं लागणार. म्हणून कायमचे, सनदी नसलेले पण कसलेले सहायक हा आता फर्मचा कणा आहे, आणि त्यांच्या पगाराकडे व मानाकडे काटकसरीच्या नजरेने पाहणं फर्मलाच महाग पडतं. उरलेल्या दोन वर्षांत आर्टिकलला सहा-सहा महिन्यांनी काम बदलून द्यावं. दोन वर्षं नुसती व्हाउचरं तपासून घेणं हा त्या मुलावर सरळ अन्याय आहे.

आणि काका. माझ्या मते लहान फर्मच्या वाढीची खरी कसोटी काकांशी कसं वागलं जातं यात लागते.

काका पदवीधर आहेत, सीए नाहीत. फर्मच्या पहिल्या वीस क्लायंटांची कुंडली त्यांना पाठ आहे. क्लायंट सरांना बिचकतात, काकांशी बोलतात. आता पंचवीस-सव्वीस वर्षांचा सीए मॅनेजर म्हणून आला, आणि सरांनी एके सकाळी सांगितलं, "आजपासून सगळ्यांनी यांना रिपोर्ट करायचं." काका मान हलवतात. दुपारी एका फाइलवर मॅनेजर शंका काढतो. काका ती फाइल घेऊन थेट केबिनमध्ये जातात, सर सवयीने म्हणतात, "असू दे काका, आपण नेहमी करतो तसंच करा." केबिनचं दार बंद असलं तरी बाहेर सगळ्यांना कळतं. मॅनेजरचा अधिकार त्या दुपारी संपला. पुढे तो शंका काढणं सोडून देतो, आणि दीड वर्षाने फर्मही सोडतो.

इथे चूक काकांची नाही. बावीस वर्षांची वाट माणूस एका घोषणेने कशी सोडेल? चूक सरांच्या त्या एका उत्तराची आहे. तेव्हा सरांनी म्हणायचं होतं, "काका, चला, तिघं मिळून बघू," आणि मॅनेजरला आत बोलवायचं होतं. बरोबर कोण हे त्यानंतर ठरलं असतं, आणि काका बरोबर असते तर मॅनेजरने ते मान्य करण्यात कुणाचीच मानहानी नव्हती. त्याहूनही आधी, मॅनेजर येण्यापूर्वी, सरांनी काकांशी एकट्याने बसून बोलायला हवं होतं: नवा माणूस का हवा आहे, त्याने काय पाहायचं, आणि काकांकडे काय राहणार. काकांकडे खरोखरच काहीतरी राहायला हवं. जुन्या वीस क्लायंटांचा संपर्क, नव्या आर्टिकलांना पहिले पंधरा दिवस शिकवणं, फीची वसुली. त्यावर त्यांचं नाव हवं आणि त्यात मॅनेजरने ढवळाढवळ न करण्याची सोय हवी. तरुण मॅनेजरलाही सांगायचं की काकांना 'अहो काका' म्हणूनच बोलायचं, आणि फाइलमध्ये चूक असेल तर ती दाखवायला कचरायचं नाही. आदर आणि तपासणी एका टेबलावर नांदू शकतात. बँकांमध्ये, रुग्णालयांत रोज नांदतात.

काकांचा पगार हा नाजूक विषय. नव्या सीएला बाजारभावाने द्यावं लागतं, आणि ते काकांच्या दुपटीहून जास्त असू शकतं. बारा माणसांच्या ऑफिसात पगार गुप्त राहत नाही. तेव्हा लपवण्यापेक्षा कारण सांगावं. आणि काकांचं जे देणं लागतं ते मोजून बाजूला ठेवावं. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला लागू होता, आणि २०२५ मध्ये त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हाच आकडा आहे. ग्रॅच्युइटीसाठी धरायचा पगार महिना २६,००० असेल तर वर्षाला पंधरा दिवसांचे, म्हणजे २६ ने भागून १५ ने गुणल्यावर, १५,००० होतात. बावीस वर्षांचे ३,३०,०००. दुसऱ्यांच्या ताळेबंदात ही तरतूद नाही म्हणून शेरा मारणाऱ्या फर्मने स्वतःच्या वहीत ती केलेली असावी.

दहा हा आकडा आणखी एका ठिकाणी येतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असली की अंतर्गत समिती नेमावी लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, आणि एक सदस्य बाहेरून. न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. या कायद्यात प्रशिक्षणार्थीही मोजले जातात, तेव्हा 'आमच्याकडे सातच पगारी आहेत, बाकी आर्टिकल' हा बचाव टिकत नाही. सप्टेंबरात रात्री साडेदहापर्यंत मुली ऑफिसात थांबतात, परगावच्या ऑडिटला जातात, हॉटेलात राहतात. 'आपल्याकडे घरचंच वातावरण आहे' असं सर मनापासून म्हणतात आणि ते खरंही असतं. पण घरच्या वातावरणात तक्रार कुणाकडे करायची, हा प्रश्न अधिकच अवघड होतो, कारण तक्रारीला लगेच घरभेदीपणाचा वास येतो. समितीतल्या सदस्यांची नावं भिंतीवर लावा. रात्री नऊनंतर थांबणाऱ्या मुलीला घरापर्यंत सोडण्याची व्यवस्था फर्मच्या खर्चाने करा.

घरच्यासारखं या भावनेबद्दल मला आदर आहे. महाराष्ट्रातल्या लहान फर्मा तिच्यावरच उभ्या राहिल्या. लग्नाला सगळं ऑफिस जातं, दवाखान्यात रात्री जागायला आर्टिकल येतात, दिवाळीला पाकिटाबरोबर फराळ जातो. हे टिकावंच. पण पगारवाढ, रजा आणि कामाचे तास या तीन गोष्टी आपुलकीवर सोडल्या की आपुलकीच आधी संपते. जो मागतो त्याला मिळतं, जो भिडस्त तो मागे राहतो. सगळ्यात घातक प्रथा म्हणजे राजीनामा दिल्यावर पगार वाढवणं. एकाला असं थांबवलं की उरलेल्या दहा जणांना वाढ मिळवण्याची वाट समजते. वाढीचा महिना जाहीर करा, एप्रिल किंवा नोव्हेंबर, आणि त्या महिन्यात प्रत्येकाशी अर्धा तास बसा. फोन बाहेर ठेवून.

क्लायंट दुसऱ्याच्या हाती सोपवणं हेही माणसं सांभाळण्याचंच काम आहे. सर क्लायंटला सांगतात, "आता जीएसटीचं सगळं मॅडम बघतील." दोन दिवसांनी क्लायंटचा सरांनाच व्हॉट्सअॅप येतो, आणि सर पाच मिनिटांत उत्तर देतात. क्लायंट शिकला की मॅडम म्हणजे नुसतं नाव. सरांनी तो निरोप मॅडमना पाठवून उत्तर त्यांच्याकडूनच जाऊ द्यायला हवं, मग तासभर उशीर झाला तरी चालेल. पहिल्या भेटीला मॅडमना सोबत न्यावं, बोलण्यात त्यांना पुढे करावं. आणि प्रत्येक क्लायंटसाठी मुख्य माणसाबरोबर एक दुसरं नावही लिहून ठेवावं, म्हणजे बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा असो वा गावचं काही निघो, कुणाचं घर आणि क्लायंटची मुदत यांची टक्कर होत नाही.

शेवटी भागीदारी. चांगला मॅनेजर पाच वर्षं थांबतो ते एका वाक्याच्या आधारावर: "पुढे बघू, तुला पार्टनर करायचंच आहे." तारीख नाही, टक्केवारी नाही. तेवढ्यात सरांची मुलगी सीए होऊन ऑफिसात येते. ती हुशार असते, मनापासून काम करते, आणि तरी मॅनेजरच्या मनात पाल चुकचुकते. विचारायचं कसं म्हणून तो गप्प राहतो. एक दिवस तो समोरच्या रस्त्यावर स्वतःचा बोर्ड लावतो आणि आठ-दहा क्लायंट त्याच्यामागे जातात. सरांना दगा झाल्यासारखं वाटतं. पण करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे व्यवसाय करण्यावर बंदी घालणारा करार निरर्थक ठरतो, त्यामुळे नोकरी सोडून गेलेल्या माणसाला 'या शहरात प्रॅक्टिस करू नकोस' असं बांधून घेता येत नाही. भागीदाराचं तसं नाही. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ३६ मध्ये बाहेर पडणाऱ्या भागीदाराने जुन्या फर्मच्या ग्राहकांना ओढू नये अशी तरतूद आहे, आणि ठरावीक काळ व ठरावीक भागापुरती वाजवी बंदी करारात घालता येते. म्हणजे ज्याला गमावण्याची भीती वाटते त्याला आत घेणं हाच कायद्यानेही सुरक्षित मार्ग आहे.

मॅकिन्झी ही सल्लागार फर्म घडवणाऱ्या मार्व्हिन बॉवर यांनी निवृत्तीच्या वाटेवर आपले शेअर बाहेर मिळू शकणाऱ्या भारी किमतीला न विकता पुस्तकी किमतीत फर्मलाच परत दिले. पुढच्या पिढीच्या डोक्यावर कर्ज ठेवायचं नाही, ही त्यामागची धारणा. एवढं सगळ्यांना जमेल असं नाही. पण मॅनेजरला पार्टनर करायचं असेल तर वर्ष सांगा, वाटा सांगा, भांडवल किती आणायचं ते सांगा. करायचं नसेल तर तेही स्वच्छ सांगा, भरपूर पगारावर आनंदाने राहणारी माणसंही असतात. मुलीबद्दलचा बेतही त्याच बैठकीत बोला.

आणि करारपत्राचं बघा. करारात काही लिहिलं नसेल तर कायदा नफा समान वाटतो, काम करणाऱ्या भागीदाराला मेहनताना देत नाही, आणि एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर फर्म विसर्जित होते. बऱ्याच फर्मांचं करारपत्र दोन मित्रांनी पहिल्या वर्षी बँकेत खातं उघडण्यासाठी केलेलं असतं. तुमचं करारपत्र कपाटातून काढून या आठवड्यात वाचा, आणि त्यात आजच्या बारा माणसांची फर्म बसत नसेल तर पुढची भरती करण्याआधी ते नव्याने लिहून घ्या.